ड्रॅग रेसचा अर्ज भरताय? आधी बोअर मोजा

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडची पोरं बाइकच्या इंजिनावर पैसे ओततात, ड्रॅग रेससाठी, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यतीसाठी, टेम्पो करून चेन्नईला जातात आणि स्क्रुटिनीच्या, म्हणजे गाडी-कागद तपासणीच्या, टेबलावरूनच परत फिरतात. गाडी धावत नाही म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा गाडी ज्या गटात उतरवली तो वर्ग चुकलेला असतो, नाहीतर एखादा कागद नसतो.

प्रवेशाला मुख्यतः दोन गोष्टी लागतात: फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचं, म्हणजे एफएमएससीआयचं, चालू वर्षाचं स्पर्धा लायसन्स आणि आयोजकांचा प्रवेशअर्ज. लायसन्सचा अर्ज ऑनलाइन भरतात. फोटो, वयाचा पुरावा, फी यांत कुणी अडकत नाही.

अडकतात ते वैद्यकीय दाखल्यात. गावातल्या ओळखीच्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर ‘प्रकृती उत्तम’ लिहून आणू नका. ठरलेला नमुना आहे, तो छापून न्या. सही-शिक्क्यासोबत डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, रक्तगटाची जागा भरली आहे ना, ते दवाखान्यातच बघून घ्या. घरी आल्यावर रिकामा रकाना दिसला की पुन्हा रांग.

दुसरी गल्लत मुदतीची. लायसन्स काढल्यापासून बारा महिने चालतं असं अनेकांना वाटतं. ते ३१ डिसेंबरला संपतं, मग तुम्ही ते नोव्हेंबरात का काढलेलं असेना. शिवाय प्रवेशअर्जात लायसन्स क्रमांक लिहावा लागतो, त्यामुळे प्रवेश बंद व्हायच्या दिवशी लायसन्सला अर्ज करून काही हाती लागत नाही.

आता खरं दुखणं. वर्ग सीसीवर ठरतो, आणि सीसी म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जेवढी जागा कापतो ती, टाकीवरचा स्टिकर नव्हे. यामाहा आरएक्स १३५ चं इंजिन ५८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ५० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव), म्हणजे १३२ सीसी. हिशेब साधा आहे: बोअर गुणिले बोअर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि उत्तराला सिलिंडरच्या संख्येने गुणायचं. हेडमधली, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातली, पोकळी यात धरत नाहीत. ‘हेड घासलंय, सीसी कमी झाली असेल’ असं सांगणारे मेकॅनिक आहेत. हेड घासून कॉम्प्रेशन वाढतं, सीसी तेवढीच राहते.

समजा वर्गाची मर्यादा २२५ आहे आणि तुमचं एक सिलिंडरचं इंजिन ६७ बोअर, ६२.४ स्ट्रोकचं. कंपनीतून २२० सीसी. बोअर ६७.७५ केला तर २२४.९५, म्हणजे जेमतेम आत. पण लेथवाल्याने होनिंग करताना, म्हणजे सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करताना, मिलिमीटरचे दोन शतांश जास्त काढले, ६७.७७ झालं, की २२५.०९. बाद! मूळ ६७ वर एक मिलिमीटर वाढवलंत तर २२६.६, तिथे वाद घालायलाही जागा नाही. पिस्टनच्या डब्यावरचा आकडा टेबलावर कामाचा नाही, तिथे सिलिंडर मोजतात. म्हणून बोअर गेजने (आतला व्यास मोजायच्या उपकरणाने), थंड इंजिनावर, वर-मध्ये-खाली मोजून घ्या आणि झिजेला जागा ठेवा. मोजमापात काही सूट आहे का, हे त्या स्पर्धेच्या पूरक नियमावलीत, म्हणजे आयोजकांनी त्या स्पर्धेपुरत्या काढलेल्या नियमांत, बघा. मित्राच्या मोबाइलवरची गेल्या वर्षीची नव्हे, यंदाची.

ती नियमावली वाचायची एक रीत आहे. आपल्याकडचा युक्तिवाद असा की, ‘मनाई कुठे लिहिलीय?’ मोटरस्पोर्टमध्ये तो उलटा चालतो: ज्याची परवानगी लिहिलेली नाही, ते बंद. पोर्टिंग, कॅम, कार्ब्युरेटरचा आकार, क्रँक, इंजिनात जे जे बदललंत त्या प्रत्येकासाठी तुमच्या वर्गाखाली ओळ शोधा. सापडली नाही तर आयोजकांना ईमेलने विचारा आणि उत्तर छापून ठेवा. फोनवर मिळालेलं ‘हो, चालेल’ स्क्रुटिनीत कुणाला आठवत नाही. नियम इतक्या क्लिष्ट इंग्रजीत का लिहितात, देव जाणे.

जिंकलात तर इंजिन उघडायला लावू शकतात. नकार दिला तर निकाल जातो. हेड गॅस्केट, पुलर, टॉर्क रेंच सोबत असू द्या आणि कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली बोअर, स्ट्रोक, व्हॉल्व्हच्या मापांची पानंही. इंजिन नियमात आहे हे दाखवणं तुमचं काम आहे, त्यांचं नाही. नेमकी मॅन्युअलची ही पानंच कुणाकडे नसतात.

गाडी तिसऱ्या हाताची असेल आणि आरसी अजून मुंबईच्या कुणाच्या नावावर असेल, तर मालकाचं संमतीपत्र आधीच घेऊन ठेवा. शिमग्याला माणूस गावी येतो, तेव्हा सही मिळते.

ट्यून केलेली गाडी रस्त्याने चालवत नेऊ नका. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबाबतचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. आणि मुंबई-गोवा महामार्गावर ‘एक टेस्ट रन’ म्हणून शर्यत लावलीत तर कलम १८९ आहे: पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पावसाळ्यात उभ्या गाडीतलं पेट्रोल टाकीतच राहू देऊ नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आपल्या हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टाकी आतून गंजते. टाकी रिकामी करून न्या. स्पर्धेत कोणतं पेट्रोल चालतं, ते नियमावलीच्या इंधनाच्या कलमात असतं.