पार्श्वभूमी : जॉबर ते टीम लीडर

सुपरवायझर आणि मॅनेजर मंडळींना ‘लीडरशिप’ आणि ‘कम्युनिकेशन’ शिकवणारी शिबिरं आता दर तिमाहीला होतात. त्यांचा इतिहास सांगणारे बहुधा अमेरिकेपासून सुरुवात करतात. मुंबईपुरतं तरी त्याचं मूळ गिरणगावात आहे, गिरणीतल्या जॉबरचे भरतीचे अधिकार काढून घ्यावेत या १९३१ सालच्या एका शिफारशीत. ती बरोबर होती का, यावर आजही दोन मतं आहेत.

जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम. पहाटे गेटवर बदली कामगारांचा, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजावर घेतल्या जाणाऱ्यांचा, घोळका उभा असे आणि आज कुणाला आत घ्यायचं ते जॉबर ठरवी. सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग-रीलिंग खात्यांत बायकांवर हाच अधिकार नायकिणीचा, म्हणजे बाई मुकादमाचा. दस्तुरी, म्हणजे लाच, दिल्याशिवाय काम मिळत नसे, रजेवरून परतलेल्याला जागेसाठी पुन्हा पैसे मोजावे लागत. पण मास्तराचा, म्हणजे खातेप्रमुखाचा, हुकूम कामगाराच्या बोलीत पोचवणाराही तोच होता. गावाकडून आलेल्याला खोली मिळवून देणं, वाण्याकडे उधारीसाठी शब्द टाकणं, खाणावळीत सोय लावणं, हेही त्याच्याकडेच. भरती, शिस्त, सांत्वन आणि दुभाषेपण एकाच माणसाच्या हाती होतं.

१९२९ मध्ये सरकारने कामगारांच्या स्थितीवर आयोग नेमला. त्याच्या १९३१ च्या अहवालात सांगितलं गेलं, की माणसं घेणं आणि काढणं जॉबरच्या हातून काढावं आणि थेट जनरल मॅनेजरच्या हाताखाली एक लेबर ऑफिसर नेमावा. प्रामाणिकपणा, व्यक्तिमत्त्व, उत्साह, माणूस ओळखण्याची हातोटी आणि भाषांवर पकड असे गुण त्याच्या अंगी हवेत, असंही अहवाल म्हणतो. आजच्या शिबिरांची विषयपत्रिका यापेक्षा फार वेगळी नसते.

शिफारशीमागचं अधिकृत कारण लाचखोरीचं, आणि ते खोटं नव्हतं. पण लाचखोरी काही १९३१ मध्ये सुरू झाली नव्हती. मालकांना ती कित्येक वर्षं ठाऊक होती आणि चालतही होती. मधल्या काळात बदललं ते वेगळंच. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला आणि खात्याखात्यांतून कामगारांच्या गिरणी कमिट्या उभ्या राहिल्या. जॉबरने सांगितलं म्हणून कामगार कामावर येईनात. जो माणसं आवरू शकत नाही त्याला एवढे अधिकार कशाला, हा हिशेब मालकांनी केला नसेल असं मानणं जड जातं. उलट बाजूचं म्हणणं असं, की जॉबर कामगाराला कर्जात अडकवून ठेवत होता, त्यामुळे हेतू काहीही असो, सुटका झाली हे महत्त्वाचं. या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र सुटका कागदावर जितकी झाली तितकी खात्यात झाली नाही. १९३५ पासून महिन्याच्या पहिल्या तारखेला बदली कार्ड वाटण्याची पद्धत मालकांच्या संघटनेने आणली, तरी जॉबरची शिफारस पुढे कित्येक वर्षं चालत राहिली. लेबर ऑफिसर मात्र युनियनच्या नजरेत मालकाचा माणूसच ठरला.

अधिकार एकाकडे आणि रोज माणसांशी गाठ दुसऱ्याची, ही फाळणी इथे झाली आणि पुढच्या प्रत्येक सुधारणेने ती पक्की केली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना वेल्फेअर ऑफिसर बंधनकारक केला. बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला आलीच पाहिजे, अशी अट नियमांत घातली गेली. ती अट सुपरवायझरला कुणी घातली नाही.

सुपरवायझरला शिकवण्याचा विचार आला तो दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी कार्यक्रमातून. पश्चिम भारतातल्या गिरण्यांत तो १९५० च्या दशकात पोचला. दोन-दोन तासांच्या पाच बैठका. माणसांशी वागण्याच्या भागात चार सूत्रं होती: काम कसं चाललंय ते ज्याचं त्याला सांगा, चांगल्या कामाचं श्रेय द्या, बदल होणार असेल तर आधी कळवा, ज्याची जी कुवत आहे तिचा उपयोग करा. १९६० च्या दशकात व्यवस्थापन संस्था निघाल्या आणि हे शिक्षण वरच्या मजल्यावर, इंग्रजीत गेलं.

तोवर कायद्याने सुपरवायझरची आणखी एक पंचाईत केली होती. औद्योगिक विवाद कायद्याच्या १९५६ च्या दुरुस्तीने महिना पाचशे रुपयांहून जास्त पगाराचा सुपरवायझर ‘कामगार’ या व्याख्येबाहेर गेला. ही मर्यादा पुढे १,६०० झाली, २०१० मध्ये १०,००० आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत १८,०००. हुद्दा काय लिहिलाय यापेक्षा प्रत्यक्षात काम काय करतो, हे कोर्ट पाहतं. त्यामुळे ज्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर लिहिलंय त्यांतले काही कामगार म्हणून कोर्टात उभे राहू शकले.

आयटीतल्या टीम लीडरची गोष्ट याच रांगेतली. कामाचं रेटिंग वरचे लोक ठरवतात, ते गोड शब्दांत सांगायचं काम त्याच्याकडे येतं. पण खरी गंमत चाकण, रांजणगावच्या शॉपफ्लोअरवर आहे. तिथले बरेचसे कामगार कंत्राटी, आणि त्यांची भरती कंत्राटदाराचा सुपरवायझर करतो, बहुतेकदा स्वतःच्याच जिल्ह्यातून. त्यांच्यावर प्रत्यक्ष देखरेख कुणाची, ही कंत्राट खरं की नावापुरतं हे ठरवण्याची कोर्टाची एक महत्त्वाची कसोटी. म्हणून संवादकौशल्याचं शिबिर करून आलेल्या मॅनेजरला कायदा विभाग बजावतो, की लाइनवरच्या या पोरांना थेट काही सांगू नका, कंत्राटदाराच्या माणसाला सांगा.