टाळेबंदीतील लघुव्यवसाय अर्थसाहाय्य (मुंबई)

साथ, युद्ध किंवा अन्य आपत्तीत सरकारनेच बाजार बंद ठेवायला लावला, तर छोट्या व्यावसायिकांना तग धरता यावा म्हणून दिली जाणारी सरकारी मदत. ती साधारणतः चार वाटांनी येते : रोख अनुदान, कामगारांच्या पगाराचा भार उचलणे, कर व हप्त्यांना मुदतवाढ आणि सरकारी हमीवरचे कर्ज. २०२० मध्ये ब्रिटनने घरी बसलेल्या कामगारांच्या पगाराचा ८० टक्के वाटा, महिन्याला कमाल २,५०० पौंडांपर्यंत, स्वतः भरला. अमेरिकेने छोट्या धंद्यांना कर्जे दिली आणि ती मुख्यतः पगारावर खर्च केल्यास माफ केली. भारताने प्रामुख्याने मुदतवाढ आणि कर्ज यांवर भर दिला. त्यामुळे मुंबईतल्या छोट्या धंदेवाल्याच्या हाती आलेली मदत बहुतांशी परत फेडायची होती.

मुंबईत २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. धारावीत पहिला करोना रुग्ण १ एप्रिलला नोंदला गेला. तिथले चामड्याचे कारखाने, शिलाईचे गाळे, कुंभारवाड्यातल्या भट्ट्या, तेरा कंपाउंडमधली भंगार-प्लास्टिकची कामे ठप्प झाली. परराज्यातले कारागीर गावी निघाले. जून २०२० मध्ये लोकल सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांपुरती. सर्वसामान्यांना ती १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीही ठरावीक वेळांत मिळाली आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली. दादर, कुर्ला, अंधेरीच्या स्थानकांबाहेर बसणाऱ्यांचा धंदा या गाडीतून उतरणाऱ्या गिऱ्हाइकावर चालतो. कागदावर दुकान उघडायला परवानगी मिळाल्यानंतरही कितीतरी महिने त्यांच्याकडे गिऱ्हाईक नव्हते. कुठलीही कर्जयोजना ही उणीव भरून काढू शकत नव्हती.

पहिला दिलासा रिझर्व्ह बँकेचा होता. २७ मार्च २०२० रोजी तिने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली. ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. हप्ता थांबला, व्याज मात्र चालूच राहिले. व्याजावर चढलेले व्याज दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना परत देण्याचा निर्णय केंद्राने ऑक्टोबर २०२० मध्ये घेतला आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दिलासा सर्व कर्जदारांना लागू केला.

मुख्य योजना १३ मे २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केली : तीन लाख कोटी रुपयांची आपत्कालीन पतहमी योजना. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज बाकी होते, त्याच्या २० टक्के रक्कम नव्याने, विनातारण द्यायची. मुदत चार वर्षे, त्यातले पहिले वर्ष मुद्दल भरायचे नाही. बँकेचा व्याजदर ९.२५ टक्क्यांवर जाणार नाही. कर्ज बुडाले तर पूर्ण भरपाई सरकारी हमी कंपनी देईल. बँकांची भीती काढून टाकणारी ही रचना होती आणि पैसा वेगाने सुटला. योजनेची मर्यादा पुढे पाच लाख कोटींपर्यंत गेली, देशभरात सुमारे १.१९ कोटी कर्जदारांना तिचा लाभ झाला आणि असंख्य कारखाने त्यामुळे वाचले, हे मान्य करायलाच हवे.

पण हिशेब पाहावा. ज्याचे बँकेत पाच लाखांचे कर्ज होते त्याला एक लाख मिळाले. ज्याने धंदा घरच्या बचतीवर, बिशीवर, पतपेढीत मित्राच्या नावावर घेतलेल्या पैशांवर किंवा सुताच्या व्यापाऱ्याच्या उधारीवर उभा केला, त्याचे कर्ज बँकेच्या वहीत शून्य. शून्याचे २० टक्के शून्यच. धारावी, साकीनाका, गोवंडीतल्या गाळ्यांत असे जॉबवर्कवाले, म्हणजे दुसऱ्याचा माल मजुरीवर बनवून देणारे, खूप. त्यांचा सगळ्यात मोठा खर्च भाडे आणि कारागिरांचे पोट, पण गाळ्याच्या भाड्यासाठी केंद्राच्या पॅकेजमध्ये वेगळी तरतूद नव्हती. भविष्यनिर्वाह निधीतला मालक व कामगारांचा मिळून पगाराच्या २४ टक्के वाटा सरकारने काही महिने भरला, तोही शंभरपर्यंत कामगारांच्या आणि मुळात निधीत नोंदलेल्या आस्थापनांसाठी. चार शिलाई यंत्रांच्या गाळ्याला त्याचा उपयोग शून्य. जीएसटी नसलेल्या सूक्ष्म धंद्यांना सरकारी नोंदणीत आणणारे ‘उद्यम असिस्ट’ हे व्यासपीठ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले, टाळेबंदी उठून गेल्यावर.

फेरीवाल्यांसाठी मात्र १ जून २०२० रोजीच स्वतंत्र योजना आली : पंतप्रधान स्वनिधी. २४ मार्च २०२० पूर्वीपासून धंदा करणाऱ्याला दहा हजार रुपयांचे विनातारण खेळते भांडवल, वर्षभरात मासिक हप्त्यांनी फेड, वेळेवर फेडल्यास ७ टक्के व्याज अनुदान आणि मग वीस व पन्नास हजारांच्या पुढच्या पायऱ्या. सावकाराकडून सकाळी पैसे उचलून रात्री व्याजासह परत करणाऱ्या भाजीवालीसाठी दहा हजार ही लहान रक्कम नाही. शिवाय पालिकेचे विक्री प्रमाणपत्र नसलेल्यालाही पालिकेच्या शिफारसपत्रावर अर्ज करता येत होता, हे या योजनेचे खरे बळ.

मुंबईत या तरतुदीला फार महत्त्व आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार महापालिकेने त्याच वर्षी सर्वेक्षण केले. सुमारे ९९ हजार अर्ज आले, पैकी छाननीत आधी पात्र ठरले ते सुमारे १५ हजार. १९ जानेवारी २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्वनिधीच्या एक लाखाहून अधिक लाभार्थ्यांना कर्जवाटप सुरू झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये फेरीवाल्यांच्या जागांचे प्रश्न पाहणाऱ्या पथविक्रेता समितीची निवडणूक झाली तेव्हा पात्र फेरीवाल्यांच्या मतदार यादीत ३२,४१५ नावे होती. म्हणजे कर्जासाठी फेरीवाला ठरलेले हजारो लोक बसण्याच्या जागेसाठी अजून फेरीवाले ठरलेले नाहीत. कर्जाचा हप्ता चालू असताना अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी माल उचलून नेऊ शकते. या योजनेतली सर्वांत मोठी उणीव हीच होय, कारण कर्ज फिटते ते जागेवर बसून.

रोख मदत राज्य सरकारने दिली, तीही दुसऱ्या लाटेत. १३ एप्रिल २०२१ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्बंधांबरोबरच ५,४७६ कोटींचे पॅकेज जाहीर केले : नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत बांधकाम कामगार आणि घरकामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये, महिनाभर शिवभोजन थाळी मोफत आणि अन्नसुरक्षा योजनेतल्या प्रत्येक लाभार्थ्याला तीन किलो गहू, दोन किलो तांदूळ. निर्बंध आणि मदत एकाच दिवशी जाहीर झाली, ही चांगली प्रथा होती. रक्कम मात्र मुंबईतल्या खोलीच्या महिन्याच्या भाड्यालाही पुरणारी नव्हती आणि दुसऱ्याच्या परवान्यावर पाळीने रिक्षा चालवणारा ‘परवानाधारक’ या शब्दात बसत नव्हता.

स्वनिधी योजना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या रूपात ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवण्यात आली; आता पहिले कर्ज पंधरा हजारांचे, दुसरे पंचवीस हजारांचे आणि तिसरे पन्नास हजारांचे आहे.