चार दिशांची 'न्यूज'

नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चार दिशांकडून येते ती 'न्यूज'! शाळेच्या फळ्यावरच्या सामान्य ज्ञानापासून व्हॉट्सॲपच्या सुप्रभातापर्यंत ही व्युत्पत्ती आपण ऐकत आलो आहोत. ऐकायला झकास, पण खोटी.

शब्दाची फोड फार साधी आहे. 'न्यू' म्हणजे नवा आणि पुढचा 'स' अनेकवचनाचा. न्यूज म्हणजे नव्या गोष्टी, बस्स. आपणही भेटल्यावर 'काय मग, नवीन काय?' असं विचारतोच की! फ्रेंचांनीही हेच केलं: त्यांचा 'नुव्हेल' हा शब्द 'नव्या'चंच अनेकवचन, आणि इंग्रजीने बहुधा त्यांच्याच जुन्या रूपावरून कित्ता गिरवला. शेक्सपिअरच्या काळात 'ही न्यूज' आणि 'ह्या न्यूज' असे दोन्ही प्रयोग चालत. पुढे एकवचन टिकलं.

दिशांची कथा खोटी ठरवायला जुनं स्पेलिंगच पुरे. पूर्वी हा शब्द मध्ये आणखी एक 'ई' घालूनही लिहीत. मग ही पाचवी दिशा कोणती? शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द घडवण्याची हौस मुख्यतः विसाव्या शतकातली; न्यूज त्याहून कितीतरी जुना.

गंमत म्हणजे ही कोटीही आजची नाही. 1640 मध्ये इंग्लंडात छापलेल्या एका विनोदी चारोळीत बातमी चारी दिशांकडून येते असा शब्दखेळ आहे. तिथे तो विनोद होता. आपण त्याची व्युत्पत्ती केली.