बोटाचं टोक परत येतं, नखाचं मूळ शाबूत असेल तर

2008 साली जगभर एक बातमी गाजली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका गृहस्थाच्या बोटाचं टोक मॉडेल विमानाच्या पंख्यात सापडून तुटलं आणि डुकराच्या मूत्राशयापासून केलेली पूड लावल्यावर ते पुन्हा उगवलं! पुडीला ‘जादूची भुकटी’ म्हणून मिरवलं गेलं. एक साधा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला: पूड लावली नसती, तर काय झालं असतं?

बहुधा तेच झालं असतं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या डॉ. सिंथिया इलिंगवर्थ यांनी 1974 मध्येच दाखवलं होतं की लहान मुलाचं बोट शेवटच्या सांध्याच्या पुढे तुटलं, तर कातडी ओढून शिवत बसू नये. जखम साफ करून नुसती झाकून ठेवली तरी मांस, गोलाई, नख, सगळं भरून येतं. मोठ्या माणसांतही ओलसर पट्टीखाली कातडी आणि आतली गादी बऱ्यापैकी भरते. गेलेलं हाड मात्र परत येत नाही.

हे का होतं, ते उंदरांनी सांगितलं. नख स्वतः मृत असतं, केराटिन या प्रथिनाचं. ते घडतं मागे, कातडीच्या घडीखालच्या जिवंत पेशींत. अंगठ्याच्या नखावरची पांढरट चंद्रकोर म्हणजे त्या मुळाचाच दिसणारा भाग. उंदराच्या बोटाचं टोक छाटलं की मुळातल्या मूळपेशींपासून (स्टेमसेलपासून) बनणाऱ्या पेशींत ‘विंट’ नावाची संदेशसाखळी सुरू होते. तिच्यामुळे चेतातंतू जखमेकडे ओढले जातात, त्यांच्या सान्निध्यात नखाखालच्या पेशी एफजीएफ-2 या वाढकारकाला प्रतिसाद देतात, भराभर वाढतात आणि त्यांतून हाड तयार होतं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मायूमी इतो यांच्या गटाने 2013 मध्ये ही साखळी बंद करून पाहिली. नख आलं नाही आणि हाडही आलं नाही! उलट, छाट इतकी मागे घेतली की एरवी काहीच उगवू नये, तरी बीटा-कॅटेनिन हे साखळीतलं प्रथिन नखाच्या पेशींत टिकवून ठेवल्यावर टोक पुन्हा वाढलं. यात कोणतीही पेशी वाट्टेल ते रूप घेत नाही. हाडाच्या पेशी हाडच घडवतात, कातडीच्या पेशी कातडीच. ‘स्टेमसेल’ नावाने लाखांची बिलं फाडणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

आता घरातलं. दारात बोट चेंगरलं की नख काळं पडतं ते खाली साचलेल्या रक्ताने. वर कडक नख, खाली हाड, मग रक्ताने जायचं कुठे? म्हणून तो जीवघेणा ठणका. पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टर नखाला बारीक भोक पाडतात. नखात संवेदना नसते, आणि रक्त बाहेर येताच आराम पडतो. घरी सुई तापवून हे करू नये. खाली हाड मोडलेलं असू शकतं आणि ते एक्स-रेशिवाय कळत नाही. ढिलं नखही उपटू नये, खालच्या गादीला तेच झाकण असतं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, पूर्ण बदलायला 6 महिने लागतात. काळा डाग नखाबरोबर पुढे सरकला पाहिजे. सरकत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कारण नखाखाली कर्करोगही होतो.

नखावरचे पांढरे ठिपके कॅल्शियम कमी झाल्याने येतात, हा समज औषधाच्या दुकानांना फार सोयीचा आहे. बहुतेक वेळा ते मुळाला बसलेल्या किरकोळ धक्क्याचे असतात. ठिपका दिसेपर्यंत काही आठवडे उलटतात आणि धक्का आपण विसरलेलो असतो. नखुरडं झाल्यावर बोटाला लिंबू अडकवणं तसंच: आत पू झाला असेल तर तो बाहेर काढावा लागतो, लिंबाने तो जात नाही.

बोटाचा तुकडाच पडला तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, पिशवीत घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

सगळ्यात दुर्लक्षित दुखापतीत नखाला काहीच होत नाही. क्रिकेटचा चेंडू बोटाच्या टोकावर आदळतो, शेवटचं पेरं खाली झुकतं आणि स्वतःहून सरळ होत नाही. दुखतं थोडंच, म्हणून पोरं खेळत राहतात. पेरं उचलणारा स्नायुबंध तुटलेला असतो. उपाय म्हणजे पेरं सरळ ठेवणारी छोटी कडक पट्टी (स्प्लिंट), 6 ते 8 आठवडे, दिवसरात्र. आंघोळीच्या वेळी काढली आणि टोक एकदा जरी खाली झुकलं, तर मोजणी पहिल्या दिवसापासून.