जामसाहेब आणि 'ते जहाज'

दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या अनाथ मुलांचं जहाज बंदरोबंदरी फिरलं, मुंबईनेही हाकललं, शेवटी जामनगरच्या जामसाहेबांनी, म्हणजे तिथले महाराज दिग्विजयसिंहजींनी, आसरा दिला, ही कथा दरवर्षी नव्याने फॉरवर्ड होते. आसरा खरा, जहाज नाही.

जामनगरजवळच्या बालाचडीत, जामसाहेबांच्या छावणीत, आलेली पहिली मुलं सोव्हिएत रशियातून सुटून 1942 मध्ये ट्रकने आली: अश्गाबाद, मशहद, झाहेदान, क्वेट्टा. सोव्हिएतमध्ये मदतीचं सामान घेऊन गेलेलेच ट्रक परतताना मुलं घेऊन आले. आणि मुंबईने हाकललं म्हणे! उलट, बालाचडीची छावणी तयार होईपर्यंत ही मुलं काही महिने वांद्र्यातच राहिली.

नंतर आलेले बरेच पोलिश निर्वासित मात्र इराणहून जहाजाने कराचीला उतरले. घोळ बहुधा तिथलाच.

दिग्विजयसिंहजींचं मोठेपण यात कुठेच उणावत नाही. समुद्राकाठी, आपल्या उन्हाळी महालाजवळ त्यांनी ही छावणी वसवली. जेवणातला पालक मुलांना अजिबात आवडेना, तेव्हा महाराजांनी तो बंदच करवला, अशी आठवण तिथे वाढलेले सांगत.

1946 मध्ये छावणी मिटली, उरलेली मुलं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आली. बालाचडीत 1965 पासून सैनिक शाळा आहे.