टाळूवरची न दुखणारी गाठ

आपल्याकडे कुणाच्या तोंडात गाठ किंवा जखम दिसली की घरच्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे आधी एकच विचारतात: तंबाखू खाता का? प्रश्न रास्तच आहे. २०२२ साली भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४० हजार नवे रुग्ण असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. तोंडाचे दहापैकी नऊ कर्करोग आतल्या अस्तरातून उगवणारे, म्हणजे स्क्वॅमस प्रकारचे असतात. तंबाखू, सुपारी आणि दारू ही त्यांची मुख्य कारणं. मात्र या गर्दीत उरलेला दहावा रुग्ण मागे पडतो. त्याने आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नसतो, गाठ दुखत नसते, वरचं अस्तर गुळगुळीत असतं. मग 'काही नाही, बघू' असं म्हणून महिने निघून जातात. दुर्मीळ गाठीचं निदान सर्वांत आधी अडतं ते तिची शंकाच न आल्यामुळे.

अशा गाठींमधला एक मोठा गट लाळग्रंथींचा आहे. कानाखालची, जबड्याखालची आणि जिभेखालची अशा तीन मोठ्या जोड्या आपल्याला शाळेत शिकवलेल्या असतात. त्यांच्याशिवाय टाळू, ओठ, गाल आणि जिभेच्या मागच्या भागात ६०० ते १००० बारीक लाळग्रंथी विखुरलेल्या असतात, हे फारसं कुणाला माहीत नसतं. यांतल्या कुठल्याही ग्रंथीत गाठ होऊ शकते. लाळग्रंथींचा कर्करोग लाखात वर्षाला एखाद-दुसऱ्यालाच होतो, पण साध्या आणि घातक अशा दोन्ही मिळून या गाठींचे तीसहून अधिक प्रकार आहेत. रुग्ण थोडे आणि प्रकार भरमसाट, हीच निदानातली खरी अडचण. एखाद्या पॅथॉलॉजिस्टला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघून निदान करणाऱ्या डॉक्टरला, यांतले काही प्रकार अख्ख्या कारकिर्दीत एकदोनदाच बघायला मिळतात.

ग्रंथी जितकी लहान, तितका संशय मोठा, हा एक उपयोगी ठोकताळा आहे. कानाखालच्या ग्रंथीतल्या सुमारे ८० टक्के गाठी साध्या निघतात. जबड्याखाली हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. जिभेखालच्या ग्रंथीतली गाठ बहुतेक वेळा घातक असते, आणि टाळूवरच्या बारीक ग्रंथींतल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त.

टाळूचंच उदाहरण जवळून बघू. कडक टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो तिथे, मधल्या रेषेच्या एका बाजूला, बोराएवढा फुगवटा आलेला असतो. वरची दाढ जवळच असल्यामुळे दाढेच्या मुळाशी पू झाला असेल, असं आधी वाटतं. अँटिबायोटिकचा एक कोर्स होतो, मग दुसरा, कधी रूट कॅनलही होतं. खरं तर इथे पाच मिनिटांत होणारी एक तपासणी फार मोलाची ठरते. कापसाच्या बोळ्यावर थंड फवारा मारून तो दाढेला लावायचा. दाढेला थंड जाणवलं तर ती बहुधा जिवंत आहे, आणि जिवंत दाढेच्या मुळाशी सहसा असा पू होत नाही. मग फुगवटा आला कुठून, याचा शोध घ्यावाच लागतो. अगदी मधल्या रेषेवरचा, हाडासारखा टणक, वर्षानुवर्षं तसाच असलेला उंचवटा बहुतेक वेळा हाडाची निरुपद्रवी वाढ असते. बाजूचा, बोटाला किंचित मऊ लागणारा, निळसर झाक असलेला फुगवटा मात्र बायोप्सी केल्याशिवाय, म्हणजे त्याचा तुकडा काढून तपासल्याशिवाय, सोडू नये. त्या जागी टाळू बधिर वाटत असेल, तोंडाची एक बाजू उतरली असेल किंवा वर्षानुवर्षं नीट बसणारी कवळी अचानक बसेनाशी झाली असेल, तर एक दिवसही थांबू नये.

तुकडा कुठून आणि कसा घ्यायचा, हे गाठीच्या जागेवर ठरतं. टाळूवरच्या गाठीतून छोटा पण खोल तुकडा घेतात. वरवरचा घेतला तर नुसतं अस्तर हाती लागतं आणि रिपोर्ट 'काही विशेष नाही' असा येतो. कानाखालच्या गाठीवर मात्र सरळ चिरा देत नाहीत. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस त्याच ग्रंथीतून जाते. शिवाय तिथली सर्वांत नेहमीची गाठ, प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा, साधी असली तरी फुटून तिच्या पेशी सांडल्या तर काही वर्षांनी त्याच जागी एकाऐवजी अनेक गाठी उगवतात. म्हणून तिथे सोनोग्राफीत बघत बारीक सुईने पेशी ओढून घेतात. या सुईच्या तपासणीचा अहवाल कसा लिहावा यासाठी २०१८ साली मिलान पद्धत आली. तिच्यात निष्कर्ष सहा गटांत मांडतात आणि प्रत्येक गटात कर्करोगाची शक्यता किती, याचा अंदाज दिलेला असतो. सुईत पेशी दिसतात, गाठीची कड दिसत नाही. गाठ आपल्या वेष्टणात आहे की शेजारच्या भागात घुसली आहे, यावर साधी की घातक हे ठरत असेल, तर उत्तर अख्खी गाठ काढल्यावरच मिळतं. सुईचा रिपोर्ट 'नक्की सांगता येत नाही' असा आला, तर ते प्रामाणिक उत्तर आहे. त्यावरून लॅबवर चिडू नये.

प्रयोगशाळेत आलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरतो, मग पॅराफिन मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात. त्यातून ३ ते ४ मायक्रॉन जाडीचे काप काढून कोमट पाण्यावर तरंगवतात, काचेवर उचलतात आणि रंगवतात. केंद्रक निळंजांभळं दिसतं, बाकीचा भाग गुलाबी. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या कर्करोगाचं चित्र इथे नजरेत भरतं. पेशींचे पुंजके, आणि त्यांच्यात चाळणीसारखी गोल गोल भोकं. बिलरोथ या शल्यविशारदाने १८५०च्या दशकातच या गाठीचं वर्णन केलं होतं. पण चाळणी दिसली म्हणून निदान झालं, असं होत नाही. अगदी सौम्य वागणाऱ्या दुसऱ्या एका कर्करोगात आणि एका साध्या गाठीतही तसाच नमुना दिसू शकतो, आणि तुकडा लहान असेल तर अनुभवी डोळ्यांनाही फरक करता येत नाही. मग पेशींतली विशिष्ट प्रथिनं दाखवणारे खास रंग वापरतात. त्यापुढची पायरी जनुकांची. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवलं की या कर्करोगात एमवायबी आणि एनएफआयबी ही दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटलेली आढळतात. असा जोड सापडला की शंकेला फारशी जागा उरत नाही.

उलट्या दिशेनेही चूक होते, आणि तिची किंमतही मोठी असते. टाळूवर अचानक खोल, कडा उचललेली जखम होते. दिसायला हुबेहूब कर्करोग. सूक्ष्मदर्शकाखालीही तसाच भास होतो. पण मुळात तिथल्या लाळग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून ती मेलेली असते, आणि सहा ते दहा आठवड्यांत जखम आपोआप भरते. नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लेझिया नावाचा हा विकार १९७३ साली पहिल्यांदा वेगळा ओळखला गेला. तो न ओळखल्यामुळे काही रुग्णांचा टाळू विनाकारण कापला गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ग्रंथी मेली तरी तिच्या कप्प्यांची मूळ रचना शाबूत राहते, आणि तीच पॅथॉलॉजिस्टला सावध करते. जखम किती दिवसांची आहे, हे त्यांना आधीच कळलं असतं तर काम आणखी सोपं होतं.

म्हणूनच बायोप्सीच्या बाटलीसोबतच्या कागदावर 'गाठ, तपासा' एवढंच लिहिलेलं दिसलं की फार वाईट वाटतं. वय, नेमकी जागा, किती महिन्यांपासून, दुखते का, बधिरपणा आहे का, एक्स-रे किंवा एमआरआयमध्ये काय दिसलं, आधी कुठे सुई घातली होती का, हे सगळं लिहायला दोन मिनिटं लागतात. दुर्मीळ गाठीच्या बाबतीत या चार ओळींवर निदान फिरू शकतं. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर नातेवाइकांनी तसं लिहून द्यायला सांगावं. त्यात संकोच कसला?

योग्य नाव मिळाल्याने काय बदलतं, हे सिक्रेटरी कार्सिनोमा या लाळग्रंथीच्या कर्करोगाच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसतं. चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन शहरातल्या पॅथॉलॉजिस्ट अलेना स्कालोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाळग्रंथींच्या काही जुन्या गाठी पुन्हा तपासायला घेतल्या. त्यांतल्या बऱ्याच गाठींवर ॲसिनिक सेल कार्सिनोमा या लाळग्रंथीच्याच दुसऱ्या कर्करोगाचं लेबल होतं. पण पेशी त्या नावात नीट बसत नव्हत्या. त्या दिसत होत्या स्तनाच्या एका दुर्मीळ कर्करोगासारख्या. त्या स्तनाच्या गाठीत ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ या जनुकांचा जोड असतो, हे २००२ पासून माहीत होतं. लाळग्रंथीच्या या गाठींतही तोच जोड सापडला, आणि २०१० साली एका नव्या कर्करोगाची नोंद झाली. आता डॉग-१ नावाचा खास रंग लागत नाही आणि एस-१०० आणि मॅमाग्लोबिन लागतात, एवढ्यावरही पॅथॉलॉजिस्टला त्याची दाट शंका येते.

बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया पुरते, कारण हा कर्करोग सहसा संथ असतो. पण काहींमध्ये तो पसरतो, आणि तिथे नावाची किंमत कळते. एनटीआरकेच्या जोडातून तयार होणाऱ्या प्रथिनाला अडवणारं लॅरोट्रेक्टिनिब हे औषध नोव्हेंबर २०१८मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. गाठ कुठल्या अवयवाची आहे हे न बघता, जनुकांचा जोड आहे की नाही एवढंच बघून ते दिलं जातं. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत वेगवेगळ्या अवयवांचे असे कर्करोग असलेल्या ५५ रुग्णांपैकी सुमारे ७५ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आकसल्या होत्या. त्यांत लाळग्रंथींच्या गाठींचे रुग्णही होते. ॲसिनिक सेल कार्सिनोमा या जुन्या नावाखाली राहिलेल्या रुग्णाची मात्र ही तपासणी करायचं कुणाच्या मनातही येणार नाही.

जनुकांची मोठी तपासणी महाग असते आणि प्रत्येकाला ती लागतही नाही. आधी साधी स्लाइड, मग खास रंग, आणि तरीही उत्तर लागत नसेल तर जनुकं, हा क्रम शहाणपणाचा. त्याही आधी स्वस्तातला उपाय म्हणजे त्याच स्लाइड डोके-मानेच्या गाठी रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवणं. मुंबईचं टाटा मेमोरियल आपल्याला जवळ आहे. त्याच्या पुढाकाराने २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली रुग्णालयं जोडलेली आहेत, आणि अवघड केसवर वेगवेगळ्या गावांतले तज्ज्ञ ऑनलाइन बसून चर्चा करतात. दुसरं मत घ्यायला जाताना रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्यायचा. लॅब सही घेऊन तो देते. घरी आणला तर उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही, कारण मेण वितळतं.

आणि उपचार संपल्यावरही तो टाकून द्यायचा नाही. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा दहा-पंधरा वर्षं शांत राहून फुप्फुसात पुन्हा दिसू शकतो. त्या वेळी छातीतला ठिपका जुन्याच गाठीचा आहे की नवा कर्करोग आहे, हे ठरवायला पहिल्या शस्त्रक्रियेचा ब्लॉक शेजारी ठेवून बघावा लागतो. आज नाव न लागलेल्या गाठीचा ब्लॉकही काही वर्षांनी, नवी तपासणी आल्यावर, पुन्हा कापता येतो. स्कालोवांच्या हाती आलेल्या गाठीही अशाच जपून ठेवलेल्या होत्या.