कमी उजेडातील प्रकाशमापन

फिल्म कॅमेऱ्यातला मीटर समोरून येणारा उजेड मोजून ॲपर्चर (लेन्सचे भोक किती उघडायचे; एफचा आकडा लहान तेवढे भोक मोठे) आणि शटर (ते किती वेळ उघडे ठेवायचे) यांची जोडी सुचवतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, असे तो धरून चालतो. दिवसा हे बहुधा निभते, रात्री फसते.

मीटरला अंधारात किती दिसणार, हे मुख्यतः त्याच्या उजेड टिपणाऱ्या सेलवर ठरते. सेलेनियम सेलला बॅटरी लागत नसे, पण दिवेलागणीनंतर त्याची सुई जेमतेम हलायची. १९६० च्या दशकात रुळलेला सीडीएस (कॅडमियम सल्फाइड) सेल पुष्कळ तल्लख, फक्त त्याला ‘आठवण’ राहते: झगझगीत दिवा पाहून कॅमेरा गल्लीकडे वळवला की सुई स्थिरावायला वेळ घेते. नंतरच्या सिलिकॉन आणि गॅलियम फोटोडायोडांना ही खोड नाही.

पेंटॅक्स के १००० या कॅमेऱ्यात सीडीएस सेल आहे. १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेडाला संवेदनशीलता) फिल्मला त्याची खालची मर्यादा ईव्ही ३ (ईव्ही हे उजेडाचे माप, आकडा लहान तेवढा अंधार), म्हणजे एफ १.४ ला पाव सेकंद. हा आकडा एफ १.४ च्या लेन्सचा, हे सहसा विसरले जाते. एफ ४ चा झूम लावला की सेलपर्यंत तीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा किंवा दुप्पट) कमी उजेड पोहोचतो आणि मर्यादा ईव्ही ६ वर चढते. ४०० ची फिल्म भरली म्हणून सेलला जास्त दिसू लागत नाही. शिवाय व्ह्यूफाइंडरमधली काळी सुई अंधारात शोधायची कुठे? १९७७ च्या निकॉन एफएममध्ये सुईऐवजी लाल दिवे आले, तेव्हा ही कटकट संपली.

इंदुरात मीटरची खरी परीक्षा अनंत चतुर्दशीच्या रात्री होते. गिरण्यांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) रात्रभर निघतात. चौकटीत बल्बांच्या माळा आल्या की मीटर ‘उजेड भरपूर’ म्हणतो आणि झांकीवरचे चेहरे निगेटिव्हवर कोरे राहतात. उलट, चौकटीत राजवाड्याचा (होळकरांचा जुना वाडा) अंधारा दरवाजाच जास्त आला, तर तो काळ्याचा करडा करू पाहतो. सराफा बाजारात रात्री खाऊची दुकाने लागली की सोपा उपाय असा: गराडू (एक कंद) तळणाऱ्याच्या दिव्याखाली आपला तळवा धरायचा, फक्त त्याचेच माप घ्यायचे आणि एक स्टॉप जास्त द्यायचा, कारण तळवा करड्यापेक्षा साधारण तेवढा उजळ असतो. निगेटिव्ह फिल्मला जास्तीचा उजेड पचतो, कमीचा नाही. स्लाइड फिल्मला हा हिशेब लावू नये.

मीटर बरोबर असला तरी एक चूक उरते. लांबलेल्या एक्स्पोजरला फिल्म मंदावते आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. कोडॅकच्या तक्त्यानुसार त्यांच्या ट्राय-एक्स या कृष्णधवल फिल्मला मापातल्या १ सेकंदाचे २, १० चे ५० आणि १०० चे १२०० सेकंद करावे लागतात. १२०० सेकंद म्हणजे वीस मिनिटे: राजवाड्याचे सातही मजले नीट येतात, पण समोरून चालत गेलेल्यांपैकी कोणी उमटत नाही, उरतात त्या गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा.